आधी टेप, मग खरेदी: नागपुरातल्या घरात बाळाची खोली आणि जेवायची खुर्ची

बाळाची खोली सजवायला निघालात की पहिली खरेदी करायची ती शिंप्याच्या टेपची. दीडशे सेंटिमीटरची, मऊ, गळ्यात टाकता येते अशी. पाळणा, पडदे, भिंतीवरचे हत्ती-जिराफ आणि पुढे येणारी ती उंच खुर्ची, हे सगळं मोजमाप झाल्यावर.

मी नागपूरच्या नंदनवन भागात पडदे, गाद्यांच्या खोळी आणि बाळंतविडे शिवते. पडद्याचं माप घ्यायला घरोघरी जावं लागतं. त्यामुळे कितीतरी बाळांच्या खोल्या मी बाळ यायच्या आधी बघितल्या आहेत आणि वर्षभरानं पडदे आखूड करायला बोलावलं की पुन्हा बघितल्या आहेत. फोन बहुतेक सातव्या महिन्यात येतो. "काकू, बाळाची रूम करायची आहे. जंगलची थीम पक्की झाली." थीम पक्की असते. खिडकी कोणत्या दिशेला आहे विचारलं की जावईबापू मोबाइलमध्ये होकायंत्र शोधायला लागतात. म्हणून दिशेपासूनच सुरू करते.

पश्चिमेची भिंत

नागपूरचा मे महिना बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. पारा ४५ च्या वर जातो, २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि दिवस मावळल्यावरही पश्चिमेच्या भिंतीला हात टेकवत नाही. विटा-सिमेंटची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. मोठ्यांना कळतं, ते उठून गच्चीवर जातात. बाळ कुठे जाणार? तेव्हा पश्चिमेची खोली कितीही ऐसपैस असली तरी बाळासाठी नको. उत्तरेची किंवा पूर्वेची लहानशी चालेल.

दुसरा इलाजच नसेल तर पाळणा पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीकडे ठेवा आणि ऊन खिडकीच्या बाहेरच अडवा. एकदा ऊन काचेतून आत आलं की माझा पडदा कितीही जाड असो, खोली तापायची ती तापतेच. बाहेरून बांबूची चिक लावा, नाहीतर उन्हाळ्यात सिग्नलवर टांगतात तसली हिरवी नेट. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मार्चमध्येच मारून घ्या. भिंतीवर जिराफ काढायचे पैसे आधी तिकडे घाला.

आणि एक सांगू का? पहिले सहा महिने तरी बाळानं आईबाबांच्याच खोलीत, पण आपल्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे सुरुवातीला "बाळाची खोली" हा तुमच्या खोलीतला एक कोपराच असतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटवाल्यांनी वेगळी खोली नाही म्हणून मन लहान करायचं कारण नाही. तो कोपरा टेपनं मोजा: पाळणा, त्याच्या शेजारी एक माणूस रात्री अंधारात न धडकता उभं राहील एवढी जागा, आणि लंगोट-दुपट्यांचं एक ठेंगणं कपाट. एवढं मावलं की पुरे. कपाट कितीही ठेंगणं असो, मागून लोखंडी पट्टीनं भिंतीला स्क्रूनं आवळा. उभं राहायला शिकणारं पोट्टं खण ओढतं आणि त्यात पाय ठेवून वर चढतं.

पडद्याच्या दोऱ्या

हा माझा धंदा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

खिडकीला रोमन ब्लाइंड किंवा पट्ट्यांचे ब्लाइंड लावायची फॅशन आहे. त्यांना वर-खाली करायला बाजूला एक दोरी किंवा मण्यांची साखळी लोंबते, बहुतेक वेळा गोल फासासारखी. रांगतं मूल त्यात मान घालतं. आवाज होत नाही, रडता येत नाही. जगभर यात मुलं गेली आहेत. माझ्याकडे बाळाच्या खोलीसाठी असे ब्लाइंड मागितले तर मी सरळ नाही म्हणते, मग गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल. आधीच लावलेले असतील तर साखळी भिंतीवर ताणून बसवायचा खटका मिळतो, तो बसवून घ्या. सुटी दोरी असेल तर भिंतीत उंचावर खुंटी ठोका आणि तिच्यावर गुंडाळून ठेवा. आणि पाळणा खिडकीखाली ठेवूच नका. पडदे एका बाजूला बांधायच्या झालरीच्या पट्ट्यांचंही तेच. बाळाच्या खोलीत त्या नकोत.

साधा, रिंगवाला, हातानं सरकवायचा पडदा सगळ्यात बरा. बाहेरून सुती कापड, आतून ब्लॅकआउटचं अस्तर. गांधीबागेत दोन्ही मिळतात. अस्तराचा तुकडा उन्हात धरून पलीकडचा हात दिसतो का ते दुकानाबाहेर येऊन बघा. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजत घाला आणि वाळवा, कारण पहिल्या धुण्यात ते आटतं आणि अस्तर आटत नाही, मग पडदा फुगून येतो.

लांबी किती? फोटोत पडदा जमिनीवर लोळतो, छान दिसतो. पण आठव्या-नवव्या महिन्यात मूल पडद्याला धरून उभं राहायचा प्रयत्न करतं आणि पडदा, रॉड, प्लास्टर सगळं खाली येतं. खिडकीच्या कठड्याखाली वीतभर येईल एवढाच शिवून घ्या. रॉडसाठी भिंतीत गुल्ली मारून स्क्रूच हवा. ताणून बसवायचा स्प्रिंगचा रॉड इथे कामाचा नाही.

कूलर

नागपुरात बाळाच्या खोलीत कूलर येणारच. वाळ्याच्या ताट्यांचा वास मला स्वतःला फार आवडतो, पण चार गोष्टी पाळा. कूलरचा झोत थेट पाळण्यावर नको. कूलर ज्या खिडकीत आहे तिच्या समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते. दर आठवड्याला टाकी रिकामी करा आणि आतल्या बाजू घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. आणि विजेचं: दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. अर्थिंग तपासून घ्या, घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा खटका, आहे का हे इलेक्ट्रिशियनला विचारा, पाणी भरताना प्लग काढा. रांगत्या मुलाच्या खोलीत पत्र्याच्या कूलरपेक्षा प्लास्टिकच्या बॉडीचा बरा, आणि त्याचं स्टँड मुलाच्या हाताच्या बाहेर.

पावसाळा लागला की कूलर बंद. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. तिचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो. धुरीवरून सासू-सुनेत वाजतं ते मी अनेक घरांत ऐकलं आहे. मी सुनेच्या बाजूनं आहे. वेखंड-ओव्याची असो की शेणीची, धूर तो धूर, आणि तान्ह्याच्या छातीला तो चांगला नाही.

रंग

भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या. खुला, बिनडब्याचा रंग स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. खरी काळजी जुन्या घरांची. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात, आणि त्यात शिसं असू शकतं. पेंटर कोरडा पॉलिशपेपर मारून ते उडवतो, घरभर पांढरी धूळ होते. ओला करून घासायला सांगा, खोलीचं दार बंद ठेवा आणि त्या दिवसांत गरोदर बाईनं त्या घरात थांबूच नये. रंगकाम निदान महिनाभर आधी संपवा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

कोणता रंग? फिका. गडद निळ्या भिंती नागपूरच्या दुपारी खोली आणखी कोंदट करतात. मुलीला गुलाबी, मुलाला निळा हे बारशाच्या पाळण्यापुरतं ठीक आहे. भिंत पाच-सात वर्षं टिकते, तोवर पोरगी डायनॉसोर मागायला लागते.

पाळण्यात काय नको

पाळणा बहुतेक घरांत आजोळहून येतो. लाकडी असेल तर दोन दांड्यांमधली फट टेपनं मोजा: सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटतं आणि डोकं अडकतं. आजीच्या काळातले नक्षीदार पाळणे बारशाला काढा, फोटो काढा, पण रोज झोपायला ही फट मोजल्याशिवाय नको. गादी घट्ट हवी, सपाट हवी आणि कडेला दोन बोटंसुद्धा जाऊ नयेत इतकी चपखल. माझ्याकडे पाळण्याची गादी करायला येतात तेव्हा "मऊ करा हं काकू" म्हणतात. मी कडकच भरते. मऊ गादीत तोंड रुतलं तर तान्ह्याला मान वळवता येत नाही.

बाळाला झोपवायचं पाठीवर. पाळण्यात बाळ आणि घट्ट बसलेली चादर, बस्स. मोहरीची उशी मी शिवणं बंद केलं आहे. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला उशीच नको, मोहरीची नाही आणि कापसाचीही नाही. जागं असताना, समोर बसून, पोटावर खेळवा. डोक्याला आकार त्यानं येतो. पाळण्याच्या कडेनं बांधायची गुबगुबीत पट्टी, जिला बंपर म्हणतात, ती अमेरिकेनं २०२२ मध्ये कायद्यानं बंद केली. आपल्याकडे अजून सेटमध्ये विकतात. सेट घेतलात तर ती पट्टी उलगडून खेळायच्या चटईखाली अंथरा.

डासांसाठी मच्छरदाणी हवी, ती ताणून बांधा. बाळाच्या हाताला येईल अशी लोंबती नको.

नजर कुठे पोचते

आता सजावट. सजावट मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होते, पाच फुटांवर. बाळ तिथे बघतच नाही.

जन्मल्यावर बाळाला नीट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे कुशीत घेतलेल्या आईच्या चेहऱ्याएवढ्या अंतरावरचं. फिके रंग त्याला ओळखू येत नाहीत. काळं-पांढरं, ठसठशीत दिसतं. म्हणून तुमचे पेस्टल ढग त्याच्या कामाचे नाहीत. पांढऱ्या मांजरपाटावर काळ्या कापडाचे जाड गोल आणि पट्टे शिवा, आणि बाळ जागं असताना हातात धरून दाखवा. दोन-तीन महिन्यांचं बाळ पाठीवर पडल्या पडल्या पंख्याकडे बघून खुदकन हसतं, सगळ्या घरांत हसतं. पंख्याची पाती आणि छत यांच्या रंगात फरक असला की त्याला ती छान दिसतात. पाती तपकिरी असतील तर बदलू नका.

चिमणाळं, म्हणजे पाळण्यावरचं कापडी चिमण्यांचं झुंबर, टांगायचं असेल तर जरूर टांगा, विकतच्या वाजणाऱ्या झुंबरापेक्षा मला ते कधीही आवडतं. पण दोन अटी. बाळाचा हात पोचणार नाही इतकं वर, आणि बाळ तळहातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की काढून ठेवायचं. त्याचे मणी आणि टिकल्या एकेक ओढून बघा. नखानं निघते ती टिकली पोटात जाणार.

रांगायला लागलं की बाळाचं जग जमिनीपासून दोन फुटांचं. तेव्हा चित्रं तिथे लावा. काचेची फ्रेम नको. चित्र कापडावर काढून चारही बाजूंनी भिंतीला पक्कं करा. न फुटणारा अॅक्रिलिकचा आरसा त्या उंचीवर आडवा लावला तर मूल त्याच्यासमोर बराच वेळ रमतं. व्हिनाइलचे स्टिकर मात्र मुलाचा हात पोचणार नाही इतक्या वरच. कोपरा उचकटला की थेट तोंडात. खालचे प्लगपॉइंट शटरवाले घ्या.

चित्रं कुठून आणायची? सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तिथे गोंड चित्रं घेऊन कलाकार स्वतः येतात. जंगलची थीमच हवी ना? मग परदेशी सिंह-जिराफ कशाला, ठिपक्या-रेघांचं गोंड हरीण आणि मोर घ्या. आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी! पोळ्याच्या आधी बाजारात रांगा लागतात त्यांच्या. बाळाच्या खोलीत त्याच्याइतकी नागपुरी वस्तू दुसरी नाही. फक्त तो उंच फळीवर ठेवा, कारण त्यावरचा चकचकीत रंग चाटण्यासाठी केलेला नसतो. मिरवणुकीच्या दिवशी खाली काढा, दोरी हातात द्या, सोबत राहा.

बारशाची सजावट त्याच रात्री उतरवा. फुगे विशेष करून. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला की तो सहज निघत नाही. थर्माकोलची नावाची अक्षरं, ग्लूगननं चिकटवलेले मोती, सॅटिनच्या रिबिनी, हे सगळं "असू दे, छान दिसतंय" म्हणत सहा महिने राहतं, आणि मग बाळ रांगायला लागतं.

आता खुर्ची

खुर्ची बाळासोबत घेऊ नका. सहा महिने ती नुसती जागा अडवते आणि तिच्यावर घड्या न केलेले कपडे साठतात. वरचं अन्न सुरू होतं सहा महिने पूर्ण झाल्यावर. तेव्हाही कॅलेंडर बघू नका, बाळाकडे बघा: मान पक्की धरतं का, थोड्या आधारानं ताठ बसतं का, तुमच्या घासाकडे हात करतं का, चमच्यातलं जिभेनं बाहेर ढकलणं थांबलं का. उष्टावणाची रीत मुलाला सम, मुलीला विषम महिन्याची. मुलीसाठी पाचवा निघत असेल तर आजीला सातवा सांगा, रीतही राहते आणि डॉक्टरही खूश. मधाचं बोट मात्र वर्षाच्या आत नाही. मधातून होणारा बोटुलिझम तान्ह्यांना फार जड जातो. खिमटात मीठ-साखरही नको.

पहिला प्रश्न खुर्ची कोणती हा नाही. तुम्ही जेवता कुठे? डायनिंग टेबल असेल तर टेबलाची उंची मोजा आणि त्याला लागेल अशी उंच खुर्ची बघा. पण आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ताटं खालीच मांडतात. तिथे बाळाला एकट्याला तीन फुटांवर बसवायचं आणि आईनं ताट सोडून उभ्यानं भरवायचं, हे काय जेवण झालं? मूल खायला शिकतं ते चावणारी तोंडं बघून. अशा घरात पाय काढता येणारी खुर्ची घ्या किंवा जमिनीलगतची पट्ट्यांची बैठक. सुतारालासुद्धा ही बुटकी बैठक सांगता येते. लकडगंजात सागाचा तुकडा घेऊन अनेकजण करून घेतात. उंच खुर्ची मात्र सुताराकडून नको. तिचा तोल, पायांचा फाकवा, पट्ट्यांची ओढ हे सगळं तपासून बनवावं लागतं. विकतच्या खुर्चीवर युरोपचं ईएन १४९८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ४०४ हे मानक लिहिलेलं आहे का बघा. किंमत दोन-तीन हजारांपासून पुढे कितीही जाते, आणि महाग तेवढी चांगली असं अजिबात नाही.

आता टेप काढा. बाळाला मांडीवर ताठ बसवून तीन मापं घ्या: पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, खळीपासून टाचेपर्यंत, आणि बसल्या जागेपासून कोपरापर्यंत. ही मापं लिहून दुकानात न्या.

पहिलं माप बैठक किती खोल हवी त्यासाठी. बैठक त्याहून दोन बोटं कमी हवी. जास्त खोल असली की बाळ पुढे घसरून अर्धं आडवं होतं, आणि आडव्या बाळाच्या घशात घास अडकायची भीती जास्त. खुर्ची मोठी पडली तर पाठीमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. पाठ मागे झुकवायची सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. भरवताना ती कामाची नाही. पाठ ताठच हवी.

दुसरं माप पायाच्या फळीला. सगळ्यात कमी बघतात ती ही गोष्ट, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाय लोंबकळत असले की मूल तोल सांभाळण्यातच गुंतून राहतं, चुळबुळ करतं, दहा मिनिटांत उतरवा म्हणतं. तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून वरण-भात खाऊन बघा. फळी वर-खाली सरकणारी हवी, म्हणजे मूल वाढेल तशी खाली नेता येते. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये 'ट्रिप ट्रॅप' नावाची खुर्ची काढली, तिची सगळी करामत हीच: बैठकीची आणि पायाची, दोन्ही फळ्या मुलाच्या मापानं सरकतात. तेवढी महागडी घ्यायची गरज नाही. आइकियाची 'अँटिलोप' स्वस्त आणि धुवायला सोपी आहे, पण तिला पायाची फळी नसते. वेगळी मिळते, ती लावून घ्या.

तिसरं माप ट्रेला. ट्रे बाळाच्या कोपराच्या उंचीला, म्हणजे बेंबी आणि छातीच्या मधे कुठेतरी हवा. हनुवटीखाली ट्रे आला तर बाळाला ताटात काय आहे तेच दिसत नाही.

मग पट्टे. पाच टोकांचे: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक दोन पायांमधून. शिवाय दोन पायांच्या मधे पक्का दांडा हवा, म्हणजे पट्टा लावायचा राहिला तरी मूल खालून सटकत नाही. ट्रे हा पट्टा नव्हे. दुकानात क्लिप स्वतः एका हातानं उघडून बघा, कारण दुसऱ्या हातात खिमटाचा चमचा असणार. खुर्चीच्या पाठीला मागे दाबा, ट्रेला खाली दाबा, बाजूनं ढकला. डगमगली की तिथेच सोडा. पायांचा घेर वरच्या बैठकीपेक्षा रुंद हवा. चाकं असतील तर त्यांना कुलूप हवं. घडीची असेल तर सांध्यात स्वतःचं बोट घालून बघा, चिमटतं का.

शेवटी ट्रे उलटा करा. विकणाऱ्याला आवडत नाही, करा तरी. ट्रेच्या खालच्या कडेला, जिथे दोन प्लास्टिक जोडलेले असतात तिथे, खाच असते. खिमट पातळ असताना त्या खाचेत उतरतं, वाळतं आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग तुम्हाला दाखवून देते की कुठे शिल्लक आहे. खाच जितकी कमी तितकं बरं. नक्षी, ससे, वाजणारी बटणं असलेला ट्रे दोन आठवड्यांत पिवळा पडतो, हळद कुणाला सोडत नाही. उन्हात ठेवलात तर डाग फिका होतो, आणि ऊन आपल्याकडे भरपूर.

घरी खुर्ची ठेवायची ओट्यापासून, गॅसपासून, कूलरच्या झोतापासून दूर. टेबल किंवा भिंत पायाच्या टप्प्यात नको; मूल पायानं रेटा देतं आणि खुर्ची मागे जाते. मूल बसलेलं असताना फोन घ्यायला दुसऱ्या खोलीत जायचं नाही. घास अडकून मूल खोकत असेल, आवाज येत असेल, तर त्याचं त्याला काढू द्या. आवाजच बंद झाला तर ते गुदमरतं आहे. तेव्हा पाठीवर थापा कशा मारायच्या ते उष्टावणाच्या आधी आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. द्राक्षं उभी चिरून, संत्र्याची फोड सोलून आणि बिया काढून. शेंगदाणे-फुटाणे नाहीत.

रेग्झिनवरची खोळ

बहुतेक खुर्च्यांची गादी रेग्झिनची असते. एप्रिल-मेमध्ये बाळाच्या मांड्या तिला चिकटतात, पाठीवर घामोळ्या उठतात, आणि आई म्हणते पोरगं खुर्चीत बसतच नाही. खोळ शिवा, घरच्या मशिनवर एका दुपारचं काम आहे.

कापड पंच्याचं, दुहेरी. पाणी टिपतं, धुतल्यावर तासाभरात वाळतं. आधी भिजवून आटवून घ्या. गादीवर वर्तमानपत्र दाबून तिचा आकार पेन्सिलीनं उतरवा, चारही बाजूंनी इंचभर जास्त धरून कापा. पट्टे जिथून बाहेर येतात तिथे खडूनं खूण करा, आणि ही खूण कागदावर नाही, कापड खुर्चीवर अंथरून करा, कारण गादी वाकली की जागा सरकते. खुणेवर पट्ट्याच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच मोठी चीर द्या आणि तिच्या कडा काजासारख्या घट्ट शिवा. टोकांना चार-पाच टाके एकमेकांवर, नाहीतर पहिल्या ओढीत फाटते. पाचही पट्टे खोळीच्या वरून आले पाहिजेत, एकही खाली दबता कामा नये. मधे स्पंज घालू नका. स्पंज दबला की घट्ट लावलेला पट्टा सैल होतो. पट्टा आणि बाळाचं अंग यांत दोन बोटं जातील, तेवढंच.

मागे बांधायला नाडी नको, वेल्क्रो लावा. नाडी सुटते, लोंबते आणि कधीतरी गळ्याशी येते.

नात्यातली जुनी खुर्ची मिळत असेल तर जरूर घ्या, वर सांगितलेली तीन मापं तिलाही लावा. पट्टे चुरगळलेले, कडेनं उसवलेले आहेत का बघा. स्क्रू गंजलेत का बघा. कूलरच्या दमट हवेत उन्हाळाभर राहिलेल्या खुर्चीचे गंजतातच, ते बदलता येतात. क्लिप लावा आणि जोरात ओढा, पुन्हा लावा, पुन्हा ओढा. एकदा जरी आपोआप सुटली तर तिच्या जागी नाडी-पिन लावून भागवू नका. ती खुर्ची भंगारात द्या, आणि देण्याआधी कात्रीनं पट्टे कापून टाका, नाहीतर भंगारातून कुणीतरी दुसऱ्या पोट्ट्यासाठी उचलून नेईल.